पुढची दोन चाकं

मानकापूरच्या पुलाखाली उईकेचं वॉशिंग सेंटर.
सकाळचे सात, आणि सिमेंट आत्ताच तापायला लागलंय.
तो उकिडवा बसून माझी चाकं बघतो,
दातांचा डॉक्टर बघतो तसा,
काहीच न बोलता.

मग म्हणतो, मॅडम, मागची ठीक आहेत.
पुढची पाहा. तव्याची पाठ झाली पुरी.
तुम्ही गाडी चालवता का थांबवता?

खरं सांगायचं तर थांबवते.
एकोणीस वर्षं.
मागच्या काचेवर लाल एल, दारावर शाळेचं नाव,
आणि माझ्या पायाशी दुसरा ब्रेक,
जो शिकणाऱ्याला दिसत नाही
पण ज्याच्या भरवशावरच तो क्लच सोडतो.

मेण लावलं तर, मी विचारते.
बाबांनी एकदा सायकलच्या रिमला मेणबत्ती घासली होती,
गंजू नये म्हणून.
रिम चमकली. ब्रेक लागेना.
बाबा थेट गोरेवाड्याच्या उतारावरून
कुणाच्या तरी कोथिंबिरीच्या वाफ्यात.

उईके हसतो. मेण कायले लावता मॅडम,
इथं एप्रिलात माणूस वितळून राहिला,
अन् तुमचं चाक तर ब्रेकच्या कुशीत झोपते.
सीलंट घ्या. सहा महिने पाहायचं काम नाही.
काळं बसन, पण चिकटनार नाही.
पाणी मारलं का निघालं.
ब्रेकवर जाऊ देत नाही, त्याची काळजी नका करू.

चारही चाकांचे बाराशे.
म्हणजे एकीचे चार तास,
तेही ती वेळेवर आली तर.

मी हिशोब करतेय तोवर
तो एका चाकावर कसलासा फवारा मारतो
आणि काळ्याचं जांभळं होऊन गळायला लागतं.
लोखंड आहे ते, म्हणतो. ब्रेकचं.
दर वेळी थांबलं का थोडं थोडं झिजते.

त्या जांभळ्या ओघळात मी एकेकाला ओळखत जाते.
ढोबळेबाई, बँकेतून रिटायर होऊन आलेल्या,
सिग्नल हिरवा झाला की दचकून ब्रेक दाबायच्या.
झिंगाबाई टाकळीचा सुयोग,
समोर गाय आली की डोळे मिटून घेणारा.
आणि परवाची अर्शिया.
मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न देतोय
आणि ती मला शांतपणे विचारते,
मॅडम, माझा पाय कुठं आहे?

निम्मं तरी माझंच असेल यातलं.
गाडीत सगळ्यात जास्त घाबरते ती मी.
फक्त माझ्या चेहऱ्यावर थर आहे,
जुना, सवयीचा,
पाणी मारलं की निघतं.

डाव्या रिमवर ओरखडा आहे, उईके म्हणतो,
नखानं तपासून.
भरून देऊ? नाही तं सीलंटच्या खाली
असाच राहीन, जसाच्या तसा.

बोटभर लांब. मुलांना मी सांगते,
एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे, बघा, शिका.
त्याला मी नावही देऊन ठेवलंय, गाडगे.
असा कोणी गाडगे नव्हता.
जानेवारीतली दुपार, बजाजनगरचा रिकामा रस्ता,
गाडीत मी एकटी,
आणि फूटपाथ होता तिथेच होता.

राहू दे, मी म्हणते.
आणि पुढच्या दोघांनाच लाव. मागच्यांनी काय केलंय?

सहाशे देते. तो फडक्यानं गोल गोल,
गोल गोल, कपाळाला बाम लावावा तसं.
तासभर ओलं नका होऊ देऊ, बजावतो.
ओलं कुठून होणार रे, एप्रिलात.

नऊ वाजता नवा मुलगा, पहिलाच दिवस.
बेल्ट लावण्याआधी वाकून बघतो.
मॅडम, चाकं नवीन का?
हो, मी म्हणते.
हा ओरखडा?
गाडगेचा.
चल, आरसा बघ. पहिला गिअर. क्लच हळू, हळू सोड,
हळू म्हटलं ना मी,
अरे तो ब्रेक होय.